दम घ्यायची जागा

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. गिरिजाबाईंच्या बरगडीतलं दुखणं हत्तीच्याच पावलांनी आलं होतं, यात शंका नाही. पण वर्ष उलटून गेलं तरी त्यातली एकसुद्धा मुंगी घराबाहेर पडायला तयार नव्हती. मुर्धा गावातल्या आपल्या घरासमोर स्टुलावर चढून त्या वाळत घातलेले बोंबील उतरवत होत्या. स्टूल कललं आणि ओट्याची कड डाव्या बरगड्यांत बसली. हाडं मोडली, यथावकाश जुळलीही. जो तो डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरून "मस्त जुळलंय" असं सांगायचा, जसं काही ते त्यानंच जुळवलं होतं. दुखणं मात्र एक्स-रेत दिसत नव्हतं, आणि जे फोटोत येत नाही ते म्हातारीच्या मनात असतं, असं हळूहळू सगळ्यांचं मत झालं.

बसताना दुखायचं नाही, चालताना नाही, मासे निवडताना नाही. छाती भरून श्वास घेतला की अर्ध्या वाटेवर आतून सुरी फिरायची आणि श्वास तिथंच तुटायचा. दुसऱ्या एखाद्या बाईनं अर्ध्या श्वासावर उरलेलं आयुष्य काढलं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता. गिरिजाबाईंना ते जमण्यासारखं नव्हतं, कारण त्या धवलारीण होत्या.

गावच्या लग्नात भटजी येतो, त्याचा मानही असतो. पण भटजीच्या आधी धवलारीण लागते. मांडव घातला की ती येऊन बसते आणि धवले गात देवांना, पितरांना, घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी लग्नाचं बोलावणं करते. मुर्ध्यात हे काम गिरिजाबाईंच्या सासूकडं होतं. सासूनं ते सुनेला शिकवलं, आणि सुनेबरोबर शेजारच्या मंदालाही, कारण एकटीनं धवले होत नाहीत. गिरिजाबाई पुढं बसून ओळ घालायच्या, मंदा मागून ती झेलायची. दोघी एकाच हंगामात नवऱ्या होऊन गावात आल्या होत्या आणि तेव्हापासून गावातलं एकही लग्न त्यांच्यावाचून लागलं नव्हतं.

सासूची शिस्त कडक होती. ओळ एका दमात म्हणायची, आणि नाव तर मेलं तरी तोडायचं नाही. नाव तुटलं तर बोलावलेलं माणूस उंबऱ्यावरून माघारी जातं, असं ती म्हणायची, आणि म्हणताना असे डोळे वटारायची की दोघींना ते माघारी जाणारं माणूस पाठमोरं दिसायचं.

पडल्यानंतरच्या पहिल्याच लग्नात गिरिजाबाईंचं नाव तुटलं. नवऱ्यामुलाच्या आजोबांचं नाव पंढरीनाथ. 'पंढरी'पाशी सुरी फिरली आणि तोंड उघडंच राहिलं. मागून मंदानं 'नाथ' उचललं, ओळ पुरी केली, आणि मांडवात कुणाला काही कळलं नाही. गिरिजाबाईंना त्या दिवशी मंदाचे पाय धरावेसे वाटले होते, हेही खरं. पण पुढच्या लग्नात मंदानं वाटच बघितली नाही. गिरिजाबाईंचा श्वास तुटायच्या आतच ती मागून आवाज मिसळायला लागली. त्याच्या पुढच्या लग्नात तर आणखी आधी. लोकांच्या कानांवर मंदाचाच आवाज जास्त पडायला लागला. बोट दिलं तर मनगट धरणारी माणसं गिरिजाबाईंनी पाहिली होती, पण मंदा त्यातली निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मग गावातल्या प्रीतमचं लग्न ठरलं. प्रीतमची आई लक्ष्मी धवलारणींना बोलवायला गल्लीत आली, गिरिजाबाईंच्या दारावरून गेली आणि सरळ मंदाच्या ओट्यावर जाऊन बसली. गिरिजाबाई तेव्हा विळीवर सुरमई कापत होत्या. त्यांनी ते सगळं पाहिलं, विळी मिटली आणि त्या दिवसापासून मंदाशी बोलणं टाकलं.

एका गल्लीत राहून बोलणं टाकणं हे फार कष्टाचं काम आहे. नळावर वेळ बदलावी लागते, बाजारातून येताना उलट्या बाजूनं यावं लागतं, समोरची खोकली तर आपल्याला ऐकू आलं नाही असं दाखवावं लागतं. गिरिजाबाई हे सगळं मन लावून करत होत्या. पण संध्याकाळी सुनेला वेगळंच काही दिसायचं.

सून नीलम. माहेर मीरा रोडचं, मूळचे गिरगावातले. काशिमिऱ्याजवळच्या एका ऑफिसात नोकरी करायची. धवले म्हणजे काय हे तिला लग्न होऊन या घरात आल्यावर कळलं, आणि अजूनही अर्धंच कळलं होतं. पण सासूच्या दुखण्यावर घरात विश्वास होता तो तिचा एकटीचा. संध्याकाळी सासूबाई ओट्याशी उभ्या राहून शब्दांवाचून नुसता सूर गुणगुणायच्या आणि दर वेळी त्याच जागी थांबून ओट्याची कड घट्ट धरायच्या. सोंग करणारं माणूस रोज नेमक्या त्याच जागी थांबत नाही, एवढं नीलमला समजत होतं. तिनं ऑफिसात चारचौघांना विचारलं आणि नया नगरपासून जवळच एक डॉक्टर शोधून काढल्या. त्यांचं नाव डॉक्टर पूर्वी. पाटीवर लिहिलं होतं, दुखण्यावर उपचार. मग बाकीचे डॉक्टर कशावर करतात, असं गिरिजाबाईंनी रिक्षातून उतरता उतरता विचारलं.

डॉक्टर पूर्वींनी एक्स-रे बघितला आणि बाजूला ठेवला. मग बरगडीवरून बोट दाबत दाबत पुढं नेलं. एका जागी गिरिजाबाईंनी त्यांचा हात झटकला. डॉक्टर म्हणाल्या की मावशी, दुखणं इथं आहे आणि ते खरं आहे. वर्षभरात हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं. गिरिजाबाईंचे डोळे भरले, आणि ते नीलमला दिसू नये म्हणून त्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागल्या.

हाड जुळलं होतं, पण त्याच्या खालच्या कडेनं जाणारी नस चिडून राहिली होती. डॉक्टरांकडं त्यावर इलाज होता तो थंडीचा. एक बारीक सुई सोनोग्राफीत बघत बघत त्या नसेपर्यंत न्यायची. सुईच्या आतून गॅस फिरतो, टोक गोठतं आणि नसेभोवती बर्फाची इवलीशी गोळी जमते. नस झोपी जाते. तिचं वरचं आवरण शाबूत राहतं, त्यामुळे ती पुढं काही महिन्यांत आपल्या वाटेनं पुन्हा वाढते. तोवर दुखणं बंद, आणि तेवढ्या पट्ट्यातली कातडी बधिर.

मासळीच्या बर्फात हात घालून बोटं बधिर होणं गिरिजाबाईंना नवं नव्हतं. पण तीच थंडी कुणी कातडीखालून एका धाग्यापर्यंत नेईल आणि शेजारचं काही बिघडवणार नाही, हे पचायला त्यांना वेळ लागला. त्यांनी विचारलं की फुप्फुस तिथंच असतं ना. डॉक्टर म्हणाल्या की असतं, म्हणूनच मी डोळे मिटून सुई घालत नाही.

पण गोठवायच्या आधी एक परीक्षा होती. त्याच नसेवर आधी नुसतं बधिर करायचं इंजेक्शन, संध्याकाळपर्यंत टिकणारं. त्यानं दुखणं थांबलं तर नस बरोबर सापडली, मग गोठवायचं. नाही थांबलं तर गोठवण्यात काही अर्थ नाही, आणि डॉक्टर ते करणारही नव्हत्या.

"इंजेक्शन दिल्यावर घरी जाऊन जे केल्यानं दुखतं ना, तेच करायचं," त्या म्हणाल्या. "भरपूर करायचं. आणि मला खरं सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून नाही."

इंजेक्शन झालं. नीलमनं रजा टाकली होती. रिक्षा मुर्ध्याला पोचायच्या आत बातमी पोचली होती, की गिरिजाबाईंच्या बरगडीत हातभर सुई घातली. एवढी मोठी सुई घेतलेल्या बाईनं उभं राहायचं म्हणजे काय. नीलमनं गादी घातली, पाठीला उशी दिली. कुणी शहाळं आणलं, कुणी पेज आणली, कुणी नुसताच हात हातात घेऊन बसलं. गिरिजाबाई उठायला लागल्या की पाचसहा हात त्यांना पुन्हा आडवं करायचे. बोलूही देईनात, दम लागेल म्हणून. संध्याकाळी इंजेक्शन उतरलं तेव्हा गावानं त्यांची अशी सेवा केली होती की त्यांना परीक्षेत बसायलाच मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, किती फरक पडला. गिरिजाबाई म्हणाल्या, सगळंच बरं होतं. काय काय केलंत, असं विचारल्यावर त्यांनी सुनेकडं बोट केलं. नीलम मोठ्या अभिमानानं सांगायला लागली की मी त्यांना दिवसभर उठूच दिलं नाही, आणि वाक्याच्या मध्यावर तिच्या लक्षात आलं. डॉक्टर पूर्वींनी क्षणभर डोळे मिटले आणि मग त्या हसायला लागल्या.

"नीलम, तुम्ही फार चांगल्या सून आहात. पुढच्या वेळी जरा वाईट व्हा."

मग त्यांनी गिरिजाबाईंना विचारलं की दुखतं ते नेमकं काय केल्यावर. गाताना, हे कळल्यावर त्या म्हणाल्या, मग गा. गिरिजाबाईंनी मान हलवली. मांडव नसताना धवला म्हणायचा नसतो. देव आणि पितर नाव ऐकून दारात येणार, आणि दारात लग्न नाही. त्यांना काय सांगायचं, इंजेक्शनचा गुण बघतेय म्हणून? डॉक्टरांनी हे नीट ऐकून घेतलं आणि विचारलं की गावात लग्न कधी आहे. नीलमनं सासूकडं पाहिलं. गावात लग्न होतं ते प्रीतमचं, आणि तिथं पुढं मंदा बसणार होती.

घरी आल्यावर नीलम म्हणाली, मी समोर जाऊन विचारू का. गिरिजाबाई नको म्हणाल्या. नाक मुठीत धरून जायचं तर आपलं आपणच जावं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गल्ली ओलांडून मंदाच्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या. मंदा सुपात जवळा निवडत होती.

"परीतमच्या हलदीला मी येतंय," गिरिजाबाई म्हणाल्या. "मागं बसन. डाक्टरीनबायला बगायचंय, गाताना दुखतं का न्हाय ते."

मंदाचे हात थांबले. "मागं?"

"मागं."

"बरं," मंदा म्हणाली, आणि पुन्हा जवळा निवडायला लागली.

गिरिजाबाई रागानं घरी आल्या. मंदानं कसलं इंजेक्शन विचारलं नाही, बस म्हटलं नाही. तूच पुढं बस असं निदान तोंडदेखलं तरी म्हणायचं, तेही नाही. पुढच्या जागेचा मोह असा असतो, असं त्यांनी त्या दिवशी भाताला फोडणी देता देता ठरवून टाकलं.

हळदीच्या दिवशी सकाळी पुन्हा इंजेक्शन झालं. नीलमनं वाईट सून व्हायचा मनापासून प्रयत्न केला. गादी घातली नाही, आलेल्या बायकांना दारातूनच वाटेला लावलं आणि दुपारी सासूला मांडवात नेऊन सोडलं. मंदा पुढं बसली होती. तिच्या मागं गिरिजाबाई बसल्या तेव्हा बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. गिरिजाबाईंनी पदर सावरला, मान खाली घातली आणि मंदा सुरू झाल्यावर पहिली ओळ झेलायला श्वास घेतला.

श्वास भरतच गेला. सुरीची जागा आली आणि गेली. गिरिजाबाई घाबरून थांबल्या, पुन्हा घेतला, पुन्हा तेच. आपल्या अंगात एवढा वारा मावतो हे त्या वर्षभरात विसरून गेल्या होत्या. त्यांना रडू आलं, आणि हळदीच्या मांडवात म्हातारी बाई रडली तर कुणी कारण विचारत नाही, हे एक बरं असतं. मग रडणं ओसरलं आणि त्याच्या जागी जरा दुष्ट आनंद आला. आता दाखवतेच, असं त्या मनात म्हणाल्या.

तेवढ्यात मंदानं ओळ तोडली. मध्येच थांबून दम घेतला आणि मग पुरी केली. पुढच्या ओळीलाही तसंच. गिरिजाबाईंना ते ऐकून बरं वाटलं. पुढं बसायची हौस आहे, दम कुठं आहे, असं त्यांना वाटलं आणि त्या कान टवकारून मंदाच्या चुका मोजायला लागल्या.

मोजता मोजता त्यांच्या लक्षात आलं की नाव एकही तुटत नव्हतं. मंदा थांबायची ती नावाच्या आधी, नाहीतर नाव पुरं झाल्यावर. थकलेली बाई जिथं दम संपेल तिथं थांबते. मंदा तशी थांबत नव्हती. लांब ओळ असो, आखूड ओळ असो, ती थांबत होती त्या जागा गिरिजाबाईंना पाठ होत्या. वर्षभर त्या प्रत्येक जागेला त्या भ्यायल्या होत्या. त्यांच्या बरगडीत सुरी जिथं जिथं फिरायची, बरोबर त्याच्या एक शब्द अलीकडे मंदा दम घेत होती. आणि दर वेळी ती मान जराशी वळवून मागं बघत होती, गिरिजाबाईंच्या डाव्या कुशीकडं.

गिरिजाबाईंच्या तोंडून पुढची ओळ आली ती अखंड आली. त्यांनी ठरवून तसं केलं नाही, कोंडलेला श्वास होता तो गेला. मंदा पुरी मागं वळली. तिच्या तोंडावर एवढं हसू पसरलं की समोरची लक्ष्मीसुद्धा बघायला लागली. मग मंदानं पुढची ओळ एका दमात घातली, गिरिजाबाईंसारखी, आणि तिला ती पेलली नाही. नाव आलं ते प्रीतमच्या आजीचं, हंसाबाय. 'हं'पाशीच मंदाचा आवाज विरला. गिरिजाबाईंनी मागून नाव उचललं आणि पुरं केलं. त्यानंतरच्या सगळ्या ओळी त्यांनी मंदा तोडायची त्याच जागी तोडल्या, मंदाबरोबर दम घेतला. छातीत वारा उरत होता, तो तसाच राहू दिला.

धवले संपल्यावर दोघी मांडवामागं चहा घेऊन बसल्या.

"दम तिथं कशापायी घेतेस?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"तुजा तुटतो तिथं." मंदा कपात बघत होती. "नाव उचलायचं तर मना तुज्याआदी दम भरून ठेवायला लागं. तुज्या मागं बसून बसून माजा बी आता तिथंच तुटतो. लांबत न्हाय."

"मंग सांगायचंस."

"काय सांगू? तुजं नाव तुटतं म्हनून?"

मंदानं चहा संपवला, कप पालथा घातला आणि मग म्हणाली, "लक्ष्मी आयली तवा मना बरं वाटलं व्हतं गिरजे. पुढं बसायला कोनाला आवरत न्हाय? खोटं कशाला बोलू."

या बोलण्यावर गिरिजाबाईंना राग यायला हवा होता. त्यांनी मंदाचा कप उचलून आपल्या कपात घातला आणि दोन्ही कप घेऊन उठल्या. एवढाच काय तो समेट झाला.

डॉक्टर पूर्वींनी दुसऱ्या दिवशी विचारलं की गाताना श्वास कुठं तुटला का. गिरिजाबाईंनी त्यांना खरं सांगायचं कबूल केलं होतं.

"तुटला," त्या म्हणाल्या. "पन दुखून न्हाय."

डॉक्टरांना ते कळलं नाही. नीलमनं समजावून सांगायचा प्रयत्न केला, तिलाही नीट जमलं नाही. शेवटी गिरिजाबाईंनी तिथंच एक लांब श्वास घेऊन दाखवला, आणि गोठवायचा दिवस ठरला.

त्या दिवशी मंदाही आली, लग्नाला नेसायची साडी नेसून. तिला बाहेरच्या बाकावर बसवून गिरिजाबाई आत गेल्या. कुशीवर निजवून डॉक्टरांनी पडद्यावर बरगडी दाखवली, तिच्याखालची नस दाखवली. सुई गेली. आत खोलवर जडपणा आला, थोडं ठणकलं. पडद्यावर एक काळा ठिपका उमटून फुगत गेला. तोच बर्फ, डॉक्टर म्हणाल्या. मग ठणका उतरला, आणि बरगडीवरून बोट फिरवलं तर गिरिजाबाईंना कळेना की बरगडी आपली की दुसऱ्याची. दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. तो खालपर्यंत गेला.

उठून बसल्यावर डॉक्टरांनी पुन्हा एकदा समजावलं. हे कायमचं नाही. नस वाढेल तसं दुखणं परत येऊ शकतं, आलं तर पुन्हा गोठवू. गिरिजाबाईंनी विचारलं की किती दिवस मिळतील. सहाएक महिने, डॉक्टर म्हणाल्या, कुणाला जास्त, कुणाला कमी. नीलमचा चेहरा उतरला. एवढं करून सहाच महिने, असं तिच्या मनात आलं. सासूबाई बोटांवर या हंगामातली लग्नं मोजत होत्या. आपण पुढं बसायची लग्नं मोजताहेत, असं नीलमला वाटलं.

"पुरं हायेत," गिरिजाबाई म्हणाल्या, आणि दाराकडं बघितलं. दाराबाहेर बाकावर मंदा बसली होती. "तवर मंदीला पुढं बसवून तिचा दम लांबवून घेतंय. मंग माजा तुटला तरी चालंल."